धुऱ्यावर काढून ठेवलेले जोडे

बशीर, सोमवारी सकाळी साडेनऊ ते दहाच्या दरम्यान तुझा मृत्यू झाला. जऊळका आणि शिरपूर यांच्या मधल्या गॅस वाहिनीच्या पट्ट्यात, नाल्याच्या अलीकडच्या पिवळ्या खांबाजवळ, उत्तमरावांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असं कारण लिहिलं. पोलिसांच्या पंचनाम्यात तुझ्याजवळ सापडलेल्या वस्तूंची यादी आहे. लोखंडी टोकाची बांबूची काठी, पाण्याची बाटली, खिशात एक वही आणि पेन. जोड्यांसाठी वेगळी ओळ आहे. जोडे पायात नव्हते. अंगापासून तीन हातांवर ते एकमेकांना लागून ठेवलेले होते.

तुझं काम शनिवारीच बंद करण्यात आलं होतं. लाइनीवर चालताना गळ्यात अडकवायचं, तू कुठं आहेस ते वर दाखवणारं यंत्र तुझ्याकडून काढून घेतलं होतं. म्हणजे सोमवारी त्या खांबाजवळ जाण्याचं तुला काही कारण नव्हतं.

मी बातम्या लिहितो. शेताच्या कडेला अनवाणी सापडलेला माणूस ही माझ्यासाठी आधी शंका असते, मग दुःख. तुझी खबर आली तेव्हाही तसंच झालं. मी पहिला फोन तुझ्या घरी केला नाही, पोलीस ठाण्यात केला. ओढत नेल्याच्या खुणा आहेत का, हे विचारलं. नव्हत्या. मग विचारलं, जोडे कोणी काढले? हवालदार म्हणाला, "त्यानंच काढले असतीन ना भाऊ. दुसरा कोन नीट जोडून ठेवते?" मला ते पटलं नाही. तिथं आणखी कोणीतरी असेल आणि त्यानंच काहीतरी लपवण्यासाठी ते नीट ठेवले असतील, असं मला वाटलं. मी ते वहीत टिपूनही ठेवलं.

तुझ्या घरी मी तिसऱ्या दिवशी गेलो.

तुझं काम काय होतं, हे शिरपुरातल्या निम्म्या लोकांना शेवटपर्यंत समजलं नाही. "बशीर पायी फिरायचा पगार घेते," असं ते म्हणत. मलाही नीट कळलं ते मागच्या वर्षी, तुझ्याबरोबर एक सकाळ चाललो तेव्हा. जमिनीखाली पुरुषभर खोल पोलादी नळ गेलेला. वर फक्त पिवळे खांब आणि 'खोदू नका' असे फलक. त्या नळावरून रोज आठ किलोमीटर चालायचं आणि कोणी खणलंय का, माती वाहून गेलीय का, कोणी झोपडी टाकलीय का, नाल्याच्या पाण्यात बुडबुडे येतायत का, हे बघायचं. दूर कुठल्या तरी शहरात बसलेली माणसं नळातला दाब चोवीस तास पडद्यावर बघत असतात. दाब एकदम पडला तर मोठ्या झडपा बंद होतात. नळ गंजू नये म्हणून त्याच्यावर जाड आवरण असतं, शिवाय त्याला हलका वीजप्रवाह दिलेला असतो. हे सगळं तू मला चालता चालता सांगितलंस. मग थांबून म्हणालास, "पन कोनं खोदाची मशीन लावली, कोनं माती उकरली, हे त्या पडद्यावर नाई दिसत. ते दिसाले मानूस लागते. म्हणून मी."

त्या दिवशी मी विचारलं होतं, गळती झाली तर वास येईल ना?

"घरच्या टाकीचा येते. ह्याले वासच नाई. वास शहरात वाटाच्या आधी टाकतेत म्हने. इथं फुटला तर नाकाले पत्ता नाई लागत."

"मग तुले कसं समजते?"

"पीक चुगली करते ना! हिरव्या वावरात एकच पट्टा पिवळा पडला, का समजाचं खाली काहीतरी हाय." मग हसून, "तू पेपरवाला असून तुले एवढं बी दिसत नाई?"

पुढं एका मळ्यापाशी एका म्हातारीनं तुला अडवलं. तिचा प्रश्न तोच होता जो तुला रोज कोणीतरी विचारायचं. "आमच्या वावरातून जाते तुहा गॅस, मग आमच्या चुलीत कायले नाई येत?" तू म्हणालास, "मावशी, मीबी तेच इचारतो. माह्या घरीबी टाकीच हाय." ती हसली. तिनं तुला चहा घेऊन जा म्हटलं, पण तू थांबला नाहीस, कारण यंत्र थांबलेलं दिसलं तर सुपरवायझर फोन करतो. वानखडे त्याचं नाव. तो ठेकेदाराचा माणूस. तू मात्र त्याला नेहमी साहेब म्हणायचास.

यापुढचं मी क्रमानं लिहितो.

हरभऱ्याच्या पेरण्या उरकत आल्या होत्या तेव्हा तुझा फोन आला. "नाल्याच्या अंगाले कोनीतरी मशीन लावली बरं. काळ्या वावरात पिवळी माती वर आली हाय. एवढ्या खालची माती नांगरानं नाई येत." मी विचारलं, वानखडेला सांगितलंस? सांगितलं होतंस. त्यानं तुझ्या यंत्राची नोंद उघडून बघितली. त्या दिवशी, नेमक्या त्या जागी, नेमक्या त्या वेळी यंत्र बंद होतं. तो म्हणाला, तू तिथं गेलाच नाहीस तर पाहिलंस कसं? त्यानं वर काही कळवलं नाही.

मी दोन दिवसांनी आलो. तोवर उत्तमरावांनी तुषार लावून पाणी दिलं होतं. माती बसली होती, कोंब वर आले होते. तू धुऱ्यावरून हात करून दाखवत होतास. मला काळं वावर दिसलं, दुसरं काही नाही. पलीकडे नाल्याजवळ एक करडा पाइप जमिनीतून वर आलेला होता, ओलिताचा. नवा वाटत होता. उत्तमराव म्हणाले, "तो मागच्या सालचा हाय." मशीन लावली होती का, असं विचारल्यावर म्हणाले, "कायची मशीन? मले नाई मालूम." ते बोलताना तुझ्याकडे बघत नव्हते. मी तेही टिपलं.

मग आपण बाभळीखाली बसलो आणि भांडलो. ते भांडण अजून संपलेलं नाही, म्हणून इथं लिहितो.

मी म्हणालो, "यंत्र काहून बंद होतं, ते सांग."

"ते सोड. माती पाह्य."

"माती मले दिसून नाई राह्यली. यंत्राचं सांग."

"मी गेलो होतो. माह्या डोयानं पाह्यलं. तुले माह्या बोलन्यावर भरोसा नाई?"

"भरोश्यावर बातमी होत नाई, बशीर."

तू उठलास. पाठीवरची माती झटकलीस. "शायेपासून तू असाच हायेस. आधी पुरावा, मग दोस्त." ते तू हसत म्हणालास की चिडून, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही. यंत्र का बंद होतं, ते तू सांगितलं नाहीस. माणूस सांगत नाही तेव्हा त्याच्याकडे लपवण्यासारखं काही असतं, हे मी या धंद्यात शिकलो आहे. मी तोच अर्थ काढला.

त्यानंतर माझ्याकडे काही कागद आले. कोणाकडून आले, हे मी इथंही लिहिणार नाही. बातमी देणाऱ्याचं नाव सांगायचं नसतं, आणि ज्यानं ती दिली त्याचा हेतू वाईट निघाला तरी हा नियम बदलत नाही. कागदांवर तुझ्या यंत्राच्या नोंदी होत्या. पेरणीच्या दिवसांत ते पुन्हा पुन्हा बंद पडलेलं दिसत होतं, कधी अर्धा तास, कधी जास्त. हे कागद तुझ्या तक्रारीनंतर चारच दिवसांत माझ्या टेबलावर आले. आत्ताच का, हे मी विचारायला हवं होतं. इतरांच्या बाबतीत मी हा प्रश्न कधी विसरत नाही.

बातमी आतल्या पानावर दोन कॉलम आली. गॅस वाहिनीच्या गस्तीत खंड, पायी तपासणी कागदावरच असल्याचा संशय. मी ती चार वेळा तपासली होती. तिच्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

तुझा फोन त्याच सकाळी आला. "छापलं तू."

"तुहं नाव नाई त्यात."

"शिरपुरात लाइनवाला एकच हाय रे."

एवढं बोलून तू फोन ठेवलास. आपलं शेवटचं बोलणं तेच. त्याच दिवशी, शनिवारी, वानखडे तुझ्या घरी येऊन यंत्र घेऊन गेला.

आता तुझ्या घरी शमीम भाभींनी सांगितलेलं. त्या दारातच बसल्या होत्या. घर बायकांनी भरलं होतं. त्यांनी मला आत बोलावलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. मी उभ्यानंच विचारलं, "भाभी, जोडे त्यानं काहून काढले असतील?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी फार बावळट विचारलं होतं. "पेरलेल्या वावरात ते जोडे घालून जातीन का, भाईजान? तुमाले मालूम नाई? तुमी तं संग शिकले ना त्याहीच्या."

मला माहीत होतं.

तुझे अब्बा बांगड्या विकायचे. खांद्यावर पडशी, हातात काठी, गावोगाव पायी. त्यांचा रस्ता लोकांच्या शेतांतूनच जायचा. पेरलेल्या शेतात पाय टाकायचा नाही, लांब पडलं तरी बांधावरून जायचं, हा त्यांचा नियम होता. फारच गरज पडली तर जोडे काढून, तासांच्या, म्हणजे पेरलेल्या ओळींच्या, मधून. कारण ज्या घरचं पेरलेलं तुडवलं, त्या घरची बाई पुन्हा बांगड्या भरायला हात पुढं करत नाही. तू तो नियम शाळेतही पाळायचास. आम्ही सगळे आडवे शेतातून पळत जायचो आणि तू धुऱ्यानं वळसा घालून उशिरा पोचायचास. गुरुजी विचारायचे, का रे बशीर, रोज काहून उशीर? तू कारण सांगायचा नाहीस. छडी खायचास. मी पहिल्या बाकावरून बघायचो.

म्हणजे ही माहिती माझ्याकडे चाळीस वर्षं होती. कागदांवर पेरणीचे दिवस दिसत होते. पट्टा दिसत होता. मी ते जोडून बघितलं नाही.

यंत्राचंही भाभींनी सांगितलं. तू धुऱ्यानं वळसा घातलास की यंत्र थरथरायचं आणि 'मार्ग सोडला' असा संदेश वर जायचा. तसे संदेश जास्त झाले की वानखडेला वरून बोलणी बसायची. भाभींच्या म्हणण्याप्रमाणे वानखडेनं तुला सांगितलं होतं, वळसा घालायचाच असेल तर तेवढा वेळ बंद ठेव. चुकलेला दिसण्यापेक्षा बंद दिसलेलं बरं, नाल्यात सिग्नल नसतो असं लिहिता येतं. तू त्याला जबान दिली होतीस की हे कोणाला सांगणार नाहीस. "मी म्हणत होती, सांगून टाका पेपरवाल्याले. ते म्हणे, त्या साहेबाची नौकरी जाईन. त्याले बी लेकरं हायेत."

वानखडेला मी दुसऱ्या दिवशी भेटलो. त्यानं असं काही सांगितल्याचा इन्कार केला. "यंत्र बंद ठेवा असं कोणता सुपरवायझर सांगेल, साहेब? तुम्हीच विचार करा." त्याच्या टेबलावर माझी बातमी कापून ठेवलेली होती. माझी बातमी आवडणाऱ्या माणसाकडे मी तरी संशयानंच बघतो. भाभी म्हणतात ते खरं की वानखडे म्हणतो ते, याला तिसऱ्या कोणाचा दुजोरा नाही.

उत्तमरावांनी मात्र अर्धी गोष्ट मान्य केली. "बशीर माह्या वावरातून कधी जोड्यानं नाई गेला. धुऱ्यानं जाय. त्या एक दिवशी जोडे हातात घेऊन आत शिरला होता, नाल्याकडे. म्या हाक मारली, काय करून राह्यला रे? त्यानं हातानंच थांब म्हटलं. मोजून राह्यला होता काहीतरी." उरलेली अर्धी, म्हणजे मशीन, त्यांना अजूनही माहीत नव्हती.

त्या दिवशी तुझे पाय काळे होऊन घरी आले होते, हे भाभींना आठवतं. तू धुऱ्याच्या तोंडाशी सवयीनं यंत्र बंद केलंस. मग पलीकडून पिवळी माती दिसली. खांबापाशी परत आलास, जोडे काढलेस, आत गेलास, मोजलंस. या सगळ्यात यंत्र पुन्हा सुरू करायचं राहून गेलं. तुझी चूक एवढीच निघते. तुझ्या कामात हीच चूक सगळ्यात मोठी धरतात.

पोलिसांकडून तुझी वही भाभींकडे आली होती. त्यांनी ती मला बघायला दिली. हातात दिली नाही, स्वतः पानं उलटली. रोजच्या नोंदी एकेका ओळीच्या. 'फलक पडला, उभा केला.' 'गाईनं खांबाले घासून रंग काढला.' 'काही नाई.' 'काही नाई.' 'काही नाई.' मग मला फोन केलास त्या दिवसाची नोंद: 'नाल्याच्या अलीकडचा खांब. लाइनीनं पूर्वेस ३१. पिवळी माती, नवी.' शेवटच्या पानावर सोमवारची तारीख आणि त्याच खांबाचा क्रमांक. पुढं कोरं.

म्हणजे तुझं काम काढून घेतल्यावर, यंत्र नसताना, तू पुन्हा मोजायला गेला होतास. कोणासाठी, हे वहीत नाही.

या नोंदीची माहिती मी कंपनीच्या मोठ्या कार्यालयाला लेखी कळवली. बातमी छापली नाही. चार दिवसांनी एक तरुण अभियंता बाई आल्या, दोन मदतनीस घेऊन. नळाचं आवरण फाटलं असेल तर त्याला दिलेली वीज तिथून मातीत झिरपते, आणि ते वरून मोजता येतं. त्यासाठी त्यांच्याकडे दोन काठ्यांचं एक यंत्र होतं, वर काटा असलेलं. त्यांना पूर्ण पट्टा तपासायचा होता. उत्तमराव आडवे आले.

"हरभरा ढोपराले नाई लागला अजून. एवढ्या जनांनी तुडवला तं मी काय पाहू?"

"काका, सुरक्षेचा प्रश्न आहे."

"मग बशीरनं लिवलं तेवढीच जागा पाहा. अन् जोडे काढून."

बाई म्हणाल्या, "सेफ्टी शूज काढता येत नाहीत आम्हाला. नियम आहे."

"बशीर काढत होता."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या.  शेवटी असं ठरलं की बाई एकट्याच, बुटांसह, तासांच्या मधून जातील आणि लिहिलेल्या जागेच्या आसपास दहा-दहा पावलं तपासतील. उरलेला पट्टा पीक निघाल्यावर.

त्यांनी खांबापासून एकतीस पावलं मोजली. काटा हलला नाही. दहा पावलं पुढं, दहा मागं. हलला नाही. परत येऊन त्या म्हणाल्या, "इथं आवरण ठीक आहे." वानखडेही आला होता.  त्यानं फक्त घड्याळात बघितलं.

बशीर, मी तुझ्याविषयी त्या वेळी काय विचार केला, तेही लिहायला हवं. मला वाटलं, तू काहीच पाहिलं नव्हतंस. गस्त चुकवल्याचं झाकायला तू पिवळी माती रचलीस, आणि सोमवारी ती नोंद खरी करून दाखवायला गेला होतास. भाभींनी सांगितलेलं बायकोनं नवऱ्यासाठी सांगितलेलं. उत्तमरावांनी सांगितलेलं स्वतःवरचा संशय सरकवायला. सगळं व्यवस्थित बसत होतं. मला बातमीचा मथळासुद्धा दिसला होता. मेलेल्या मित्राविषयी असा मथळा डोक्यात तयार होतो, अशी माझी सवय आहे.

तू माझ्याशी असं कधी वागला नाहीस. आई गेली तेव्हा तू शिरपूरहून पहिल्या एसटीनं वाशिमला माझ्या घरी आलास आणि दिवसभर आलेल्यांना पाणी देत राहिलास. काय झालं, कसं झालं, असं तू विचारलं नाहीस. बाकी सगळ्यांनी विचारलं होतं. संध्याकाळी निघताना फक्त म्हणालास, "जेवून घे." त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. पिकाचा पिवळा पट्टा आता मला रस्त्यानं जाताना आपोआप दिसतो, तेही तुझ्यामुळे. तेही बोललो नाही.

दोघे मदतनीस सामान आवरत होते. तुझी काठी भाभींनी त्या दिवशी माझ्याबरोबर पाठवली होती, का ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मी ती टेकवून उभा होतो. निघायचं म्हणून दोन पावलं टाकली तेव्हा काठी एकदाच जमिनीला लागली.

मागच्या वर्षीच्या त्या सकाळी तू पुटपुटत चालला होतास आणि मी तुला हसलो होतो. "काय जप करून राह्यला?"

"मोजतो."

"पावलं?"

"पावलं कोन मोजते? अर्ध्यात गफलत होते. काठीचे ठोके मोजतो. अब्बाची आदत. ते गाव ते गाव ठोक्यानंच सांगत."

दोन पावलांना एक ठोका.

मी बाईंना हाक मारली. त्यांना हे सांगायला मला थोडा वेळ लागला, कारण ते कागदावर कुठंच नव्हतं आणि त्याला माझ्याशिवाय साक्षीदार नव्हता. त्यांनी एकच प्रश्न विचारला. काठी केवढी लांब होती असं नाही, तर तो उंचीनं केवढा होता, म्हणजे त्याचं पाऊल केवढं पडत असेल. मी सांगितलं, माझ्याएवढाच. मग त्या उत्तमरावांकडे वळल्या. उत्तमरावांनी हरभऱ्याकडे बघितलं. "पाहा," म्हणाले.

या वेळी बाई पुढं, यंत्र घेऊन. मी मागं, काठी टेकवत. जोडे मी धुऱ्यावर काढून ठेवले होते. सव्वीस ठोके झाले आणि काटा हलू लागला. अठ्ठावीसला तो एका बाजूला झुकला. पुढं गेल्यावर उलट्या बाजूला फिरला. बाईंनी मागं-पुढं करून मधली जागा शोधली आणि तिथं एक छोटा लाल झेंडा रोवला. वानखडेनं त्याच वेळी फोन कानाला लावला आणि नाल्याकडे चालत गेला. फोन कोणाला केला, ते मला माहीत नाही.

त्या दुपारी या भागातल्या नळाचा दाब कमी करण्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसांनी हातानं, फावड्यांनी खणायला सुरुवात केली. मशीन वापरली नाही. कमरेएवढ्या खोलीवर ओलिताचा करडा पाइप लागला, गॅसच्या नळाला आडवा जाणारा. त्याच्या भोवतीची माती पिवळी होती. त्याच्या खाली नळाच्या आवरणावर हातभर लांब ओरखडा होता, मशीनच्या दातांचा. आवरण फाटलेलं होतं. पोलादावर एक खाच होती. बाईंनी ती पुसली, मोजली, फोटो काढला. गळती नव्हती.

"तशीच राहिली असती तर?" मी विचारलं.

"पाऊस, गंज, दाब," त्या म्हणाल्या. "कधी ते सांगता येत नाही. पण राहिली असती तर नक्की."

खड्ड्याच्या काठावर उत्तमराव बसले होते. मशीन कोणी लावली, हे त्यांनी अजूनही सांगितलेलं नाही. खाली उतरलेला एक मजूर वर बघून म्हणाला, "कोनाले समजलं हे एवढ्या खालचं?" त्याला उत्तर उत्तमरावांनीच दिलं. "होता एक. बांगडीवाल्याचा पोरगा." 

मशीन कोणाची होती, याचा तपास सुरू आहे. यंत्र बंद ठेवायला तुला कोणी सांगितलं, याला दुजोरा नाही. कागद माझ्याकडे का पाठवले गेले, हे मला कळलेलं नाही. कंपनीच्या अहवालात ही जागा कोणी शोधली त्या रकान्यात सुरुवातीला 'नियमित तपासणी' असं होतं. बाईंनी ते खोडून तुझं नाव लिहिलं. मूळ प्रत मी पाहिली आहे.

तुझी काठी भाभींकडे परत दिली आहे. देण्याआधी, खड्डा बुजवायच्या अगोदर, बाईंनी टेप धरला आणि मी खांबापासून पुन्हा एकदा चाललो, ओरखड्याच्या बरोबर वर येईपर्यंत. एकतीस ठोके झाले.